जांबाखालची पांढरी रेघ

यंदाचा श्रावण नुसता कॅलेंडरात आला, परसात आलाच नाही. ढग येतात, गोदावरीच्या अंगानं सरकत जातात, आणि मला तर वाटतं की आमचं घर आलं की मुद्दाम वळतात. वय झालं की माणूस ढगांवरसुद्धा संशय घेतो म्हणतात. माझं तसं नाही. मी तरुणपणापासूनच घेत आलेय.

सकाळी जांबाजवळ गेले. जांब म्हणजे पेरू. आमच्याकडं कुणी पेरू म्हटलं की लोक विचारतात, पुण्याहून आलात का. तर बुंध्यावर मुंग्यांची रांग लागलेली. एक रांग वर जाणारी, एक खाली येणारी, आणि वाटेत भेटली की प्रत्येक मुंगी दुसरीच्या तोंडाला तोंड लावणार, क्षणभर थांबणार आणि पुढं जाणार. काय विचारत असतील? वर किती उरलंय, कुणी बघितलं तर नाही ना, असंच काहीतरी असणार. मला त्यांच्यात आमची गल्ली दिसते.

सूनबाई दुकानातून पांढऱ्या पुडीचा डबा घेऊन आली. म्हणाली, "आई, बुंध्याभोवती गोल टाकते. दोन तासांत साफ."

"साफ म्हणजे?"

"साफ म्हणजे साफ."

"मग नको."

"अहो, मुंग्या आहेत त्या, पाहुणे नाहीत."

"पाहुण्यांचं तरी तू कुठं एवढं ऐकून घेतेस," मी म्हटलं. ती हसली, पण डबा काही तिनं ठेवला नाही. पूड किती बारीक आहे ते मला दाखवायला तिनं चिमूटभर फरशीवर टाकली आणि बोटानं ओढली. लांब पांढरी रेघ उमटली. तिला वाटलं, मी पुडीकडं बघतेय. मी बघत होते लातूरच्या एका पायरीकडं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. जिल्हा नवा आणि आड जुने, असा तो काळ. आमचे हे कारकून. उस्मानाबादहून कागदांचे गठ्ठे ट्रकमधून आले, त्यांच्यासोबत हेही आले. पाट्यांवरचा रंग ओला होता. कपाटं कमी, म्हणून दप्तरं भिंतीशी रचलेली. आमचे हे दोन महिने त्या दप्तरांच्या आडोशाला पथारी टाकून राहिले, कारण शहरात खोली मिळेना. सगळ्या जिल्ह्याचे नोकरदार एकदम आलेले. आणि खोली असली तरी आम्हाला मिळायची नाही. आधी चहा यायचा. मग नाव, मग आडनाव, मग "मूळचे कुठले", आणि आडनावावरून कळलं नाही तर "कंधारला कोणत्या गल्लीत?" आम्ही बौद्ध माणसं. आमच्या यांना खोटं बोलायची सवय नाही. ते सरळ सांगायचे, आणि मग त्या घरमालकाचा पुतण्या नेमका त्याच आठवड्यात राहायला येणार असायचा. लातुरात त्या वर्षी किती पुतणे आले असतील, देवच जाणे.

गंगाक्कानं काहीच विचारलं नाही. लिंगायत वाण्याची विधवा, साठीच्या पुढची, मुलगा उदगीरला दुकान चालवणारा. घराच्या मागच्या दोन खोल्या तिनं आम्हाला दिल्या. मी पहिल्याच दिवशी ट्रंकेतून आमच्या तसबिरी काढून भिंतीवर लावल्या. मुद्दाम, ती दारात उभी असतानाच. तिनं तसबिरी बघितल्या, मला बघितलं आणि म्हणाली, "खिळा जपून मारा बाई, भिंत मातीची हाय."

बस, एवढंच. मला रात्रभर वाटायला हवं होतं की चला, चांगलं माणूस भेटलं. पण नाही. विचारणाऱ्या माणसाचं निदान कळतं तरी. न विचारणाऱ्याच्या पोटात काय असतं? मी यांना तसं म्हटलं, तर हे म्हणाले, "अगं, विचारलं तरी तुला त्रास, नाही विचारलं तरी त्रास."

परसात एक आड, एक जांब आणि मधे कडक झालेली काळी माती. आषाढ कोरडा गेला होता. काळ्या जमिनीला पाणी मिळालं नाही की ती तोंड उघडते, तशा भेगा परसातही पडल्या होत्या. लेकीची बांगडी एकदा भेगेत गेली ती गेलीच. गल्लीत दोन दिवसांआड टँकर यायचा आणि बायका घागरी रांगेत ठेवून भांडायच्या. आमच्या आडाला मात्र तळाशी पाणी होतं. गढूळ, पण होतं. गंगाक्का रोज सकाळी दोन घागरी द्यायची. द्यायची म्हणजे कशी, ते नीट सांगते. पोहरा ती स्वतः सोडायची, स्वतः शेंदायची, मी घागर खाली ठेवून मागं सरकायचे, आणि ती वरून धार धरायची. चांगली हातभर उंचीवरून. थेंब उडायचे. दुष्काळात थेंब उडालेले जीव घेतात. मी मनाशी म्हणायचे, म्हातारं माणूस आहे, वाकता येत नसेल. दोर जुना आहे, दुसऱ्याच्या हातात द्यायला भीत असेल. अशी दोन-तीन कारणं मी तिच्या वतीनं तयार करून ठेवली होती. माझ्या आईनं असंच पाणी आयुष्यभर ओंजळीत घेतलं होतं, म्हणून कारणं लागायची.

आता मुंग्यांचं. मुंगी जांब खात नाही, हे आधी सांगून टाकते, कारण सगळे तिच्यावर तोच आळ घेतात. जांबाच्या कोवळ्या फांदीवर कापसासारखे पांढरे किडे बसतात, त्यांच्या अंगातून गोड चिकटा येतो. मुंगी त्या चिकट्यासाठी जाते आणि त्या किड्यांची राखण करते. दुसरा कुणी त्यांना खायला आला की चावून पळवते. मुंगी वर गेली नाही तर किड्यांना वाली राहत नाही आणि झाड आपोआप सुधारतं. हे मला शाळेनं नाही शिकवलं, कंधारला बापानं दाखवलं. आमच्याकडं पंचशीलातलं पहिलंच शील जीव मारायचा नाही हे, आणि बाप ते मुंगीपर्यंत नेणारा माणूस. त्याची तऱ्हा अशी: बुंध्याला आधी तरटाची पट्टी गुंडाळायची, सालीच्या खाचा बुजतील अशी. त्यावर तेल न पिणारं कापड घट्ट बांधायचं आणि कापडाला एरंडेल लावायचं. सालीला थेट लावायचं नाही, झाड भाजतं. आणि बांधायचं ते भर दुपारी, कारण उन्हाच्या तडाख्यात मुंग्या बिळात परतलेल्या असतात, वर कुणी अडकत नाही. तिसऱ्या दिवशी धूळ बसली की परत तेल.

लातूरच्या त्या जांबाला फळं धरली होती. पाणी नाही, तरी धरली होती, लिंबाएवढी. मुंग्यांनी झाड काळं केलेलं बघून मला राहवलं नाही. घरात आमच्या यांची जुनी छत्री होती. पाऊसच नाही तर छत्रीला काय काम. मी तिचं काळं कापड फाडलं आणि दुपारी, गंगाक्का आत पडली होती तेव्हा, झाडाला बापाच्या पद्धतीनं बांधून टाकलं. तिला सांगितलं नाही. वाटलं, फळं सुधारली की कळेल तिला, कुणी केलं ते.

दुसऱ्या दिवशी पट्टा झाडावर नव्हता. भिंतीपलीकडच्या उकिरड्यावर काठीनं ढकलून टाकलेला दिसला, काठी वरच पडलेली. काठीनं. हातानंही नाही.

पुढं दोन दिवसांनी मी धुणं वाळत घालत होते. माझ्या खिडकीच्या गजापासून जांबाच्या फांदीपर्यंत मी दोरी बांधली होती. गंगाक्का लांबूनच म्हणाली, "बाई, दोरी सोडा ती."

"का हो आक्का?"

"झाडाला नगं. दुसरीकडं कुठं बी बांधा."

मी लुगडं पिळून तसंच हातात धरून उभी राहिले. म्हणजे आमचं धुणंसुद्धा झाडाला नको. दोरी सोडली. गाठ सुटेना तर दातानं सोडली.

आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, संशयाचं आणि त्या पांढऱ्या किड्यांचं सारखंच आहे. आधी एक असतो, मग त्याला कुणीतरी राखण करणारं भेटतं. माझ्या संशयाची राखण मीच करत होते. पण हेही लिहून ठेवते की तो हवेतून आलेला नव्हता. ज्यांच्या वाटेत असे पुतणे आडवे आले नाहीत, त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

आणि मग श्रावणाचा पहिला सोमवार. मी कवाड उघडलं तर समोर पांढरी रेघ. जांबाच्या आळ्यापासून निघालेली, परस ओलांडून आलेली आणि माझ्या पायरीला टेकून थांबलेली. चांगली बोटभर रुंद. अशा रेघांच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. कुठं चुन्याची, कुठं राखेची. इथपर्यंत तुम्ही, इथून पुढं आम्ही. मला वाटायचं, ते आजीच्या काळात राहिलं. कलेक्टरचं ऑफिस आलं, नवा जिल्हा आला, आणि रेघ माझ्या दारात.

गंगाक्का झाडापाशी ओणवी होती, कपाळाला भस्म, हातात वाटी. मी विचारलं, "आक्का, हे काय आहे?"

तिनं माझ्याकडं बघितलं. ओठ घट्ट मिटले. आणि तोंड फिरवून आत निघून गेली. दिवसभर एक शब्द बोलली नाही. मी दोनदा हाक मारली, तिनं दोनदा हात हलवला, माशी हाकलावी तसा.

संध्याकाळी हे आले. मी ट्रंक काढून ठेवली होती.

"कुठं निघालीस?"

"कंधारला. पोरीला घेऊन. तुम्ही राहा इथं, नाहीतर तुमच्या दप्तरांत जा."

"अगं, रेघ पिठाची असंल, रांगोळीची असंल."

"माझ्याच पायरीपर्यंत?"

त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. मग हळू म्हणाले, "दुसरी खोली मिळणार नाही. तू गेलीस तर वर्षभर तरी आपण तिघं एका घरात नसू. लेक मला विसरंल." ते बरोबर होतं. लेक तीन वर्षांची होती. मागच्या वेळी दोन महिन्यांनी बाप दिसला तेव्हा ती माझ्या पदराआड लपली होती. पण ज्या घरात दारापर्यंत रेघ येते, त्या घरात तिला मोठी करायची का, हेही होतंच. हे म्हणाले, "जायचं तर जा. पण विचारून जा. अंदाजावर घर सोडू नको."

म्हणून मंगळवारी सकाळी मी घागर न घेताच परसात गेले.

"आक्का, काल विचारलं तर तुम्ही तोंड फिरवलं. ती रेघ कुणासाठी होती?"

"कुणासाठी म्हंजे?"

"माझ्या पायरीपाशी थांबलीय म्हणून विचारते."

तिनं पोहरा आडाच्या कठड्यावर ठेवला. मग पायरीजवळ आली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली, म्हणजे वाकता येत होतं तिला, आणि पायरीच्या कडेची भेग दाखवली. भेगेतून मुंग्या येत होत्या, रेघेतला कण उचलत होत्या आणि परत आत जात होत्या.

"त्यांचं घर हितं हाय. तुझ्या पायरीखाली. झाडापासून दाणा टाकत आणलं, म्हंजे वाट वळती. त्यांच्याच दारात वाढलं तर झाडावर कामून जातील? मुंगीला आडवायचं न्हाई, वळवायचं. ज्वारीचं पीठ हाय, साखर हाय. श्रावणात चारावं लागतंय त्यांला, पावसासाठी."

"मग बोलला का नाहीत?"

"श्रावणातल्या सोमवारी म्या मुकी असते. दिवस मावळंस्तोर. मुक्यानंच चारायचं असतं. सगळ्या लातुराला ठावं हाय."

"मी लातूरची नाही."

"हाव," ती म्हणाली, "ते राहूनच गेलं."

"आणि दोरी?"

"दोरीवरूनच चढून राहिल्या त्या. तुझ्या खिडकीतून निघून सरळ फांदीवर. म्या खाली वळवते, त्या वरनं जातात. तू बघितलं न्हाईस कधी?" आणि मग एकदम तिचा आवाज बदलला. "आता तू सांग. भर अवसेच्या दिशी माझ्या झाडाला काळं फडकं बांधलंस, तेल लावून. चोरून. म्या तीन दिस धड जेवले न्हाई. लेकाला उदगीरला सांगावा धाडला. काय वाकडं केलं व्हतं गं म्या तुझं?"

अवस होती ते माझ्या ध्यानातच नव्हतं. आम्ही ते मानत नाही, म्हणून मोजतही नाही. मी छत्रीचं सांगितलं, बापाचं सांगितलं, दुपारी का बांधलं ते सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा विश्वास बसेना. भिंतीपलीकडं गेली, उकिरड्यावरचा पट्टा आणला, या वेळी हातानं, आणि नाकाला लावला.

"एरंडेल हाय की."

"मग काय सांगते."

"करणीला एरंडेल कुणी वापरत न्हाई," ती म्हणाली, "पोट साफ व्हायला वापरतात." आणि पट्ट्यात तोंड खुपसून ती इतकी हसली की तिच्या कपाळाचं भस्म ओघळलं. मीही हसले.

ही गोष्ट मी आजवर कितीतरी लग्नांत, बारशांत सांगितलीय. दोघी एकाच झाडाच्या मुंग्या जपत होत्या आणि एकमेकींना चेटकीण समजत होत्या, असं म्हटलं की बायका हसून लोळतात. मी तिथंच थांबते. सूनबाईलाही तिथपर्यंतच माहीत आहे. पुढचं सांगत नाही, कारण पुढं हसायला काही नाही. पण लिहायला बसलेय तर लिहिते.

हसणं थांबल्यावर मी विचारलं, "आणि पाणी?"

"पाण्याचं काय?"

"वरून ओतता ते."

ती गप्प झाली. हे कालचं मुकेपण नव्हतं. मला वाटलं, आता पाठीचं दुखणं सांगेल. सांगितलं असतं तर मी मान्यही केलं असतं. कारणं माझ्याकडं तयारच होती. मी राहायला तयार होते, खरं सांगते. तिनं फक्त एक सोपं खोटं बोलायचं होतं.

"रेघ मुंग्यांची हाय," ती आडाकडं बघून म्हणाली. "दोरी मुंग्यांची हाय. पाण्याचं मुंग्यांवर घालता येत न्हाई."

तिनं पदराआडून गळ्यातला दोरा बाहेर काढला.

"गळ्यात लिंग हाय माझ्या. रोज म्हणते, समदे सारखे. आन् आडापाशी आले की हात आपोआप वर जातो. सासूनं शिकवलाय हात. खोली देताना म्या इचार केला व्हता, आडनाव इचारायचं न्हाई. तेवढं जमलं. हाताचं जमलं न्हाई."

मी म्हटलं, "तर मग आक्का, तुमचं पाणी मला नको. टँकरला उभी राहते. नाही भागलं तर सोमवारच्या बसनं कंधारला जाते."

तिनं अडवलं नाही. त्या दिवशी मी टँकरच्या रांगेत उभी राहिले तर टँकर आलाच नाही. घरात लेकीपुरतं तांब्याभर पाणी होतं. हे ऑफिसातून आले, रिकाम्या घागरी बघितल्या आणि काही न विचारता ट्रंकेवर बसले.

संशयात एक ऊब असते, हे मला त्या दिवशी कळलं. आपण कुणावर तरी शंका घेतो तेव्हा आत कुठंतरी आशा असते की आपण चुकत असू. ती आशा गेली की नुसतं ऊन. दोन गोष्टींत मी साफ चुकले होते, आणि ज्या तिसऱ्या गोष्टीला मी स्वतःच पांघरूण घालत होते, तीच खरी निघाली. आजही कुणी फार गोड बोललं की मी दोरीकडं आणि रेघेकडं बघत नाही. पाणी कसं देतात ते बघते.

बुधवारी सकाळी मी घागर कमरेला लावून परसातून गल्लीकडं निघाले. गंगाक्का आडापाशी उभी. हातात दोराचं टोक. ते माझ्याकडं धरलेलं.

"पोहरा सोड," म्हणाली.

मी थांबले. तिच्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. तोंड चांगलं नव्हतं. रात्रभर झोपलेली वाटत नव्हती. हे मनापासून आहे का टँकर आला नाही म्हणून दया आहे, हे मला त्या तोंडावरून कळेना. अजूनही सांगता येणार नाही.

मी दोर घेतला. पोहरा खाली खाली जात राहिला. पाणी इतकं खोल गेलं असेल याची मला कल्पना नव्हती. ती रोज एवढं शेंदत होती माझ्यासाठी, हेही तेव्हाच कळलं, आणि त्याचं काय करावं ते कळलं नाही. पोहरा तळाला घासला, अर्धा भरला, वर आला. चार खेपांत माझी घागर झाली. मी ती उचलणार तोच तिनं आपली घागर पुढं सरकवली.

"माझी बी भर."

मी भरली. उंचावरून नाही, काठाला काठ लावून. एक थेंब सांडला नाही. तिनं वाकून घागर उचलली, कमरेवर घेतली आणि निघाली. मी तिथंच उभी राहिले. बघत होते. परसात जांबाचं आळं कोरडं पडलं होतं. त्या आळ्यात पाणी ओतलं असतं तर कुणीही त्याला पुण्यच म्हटलं असतं. दुष्काळात झाडाला पाणी. मला नावं ठेवायला जागा उरली नसती.

आळ्यापाशी ती थांबली. तिनं घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली, पदर सावरला आणि पायऱ्या चढून घरात गेली. कवाड उघडंच राहिलं. आत चुलीच्या अंगाला तिचा प्यायच्या पाण्याचा रांजण असायचा. मला तो दिसत नव्हता. ऐकू आलं. रिकाम्या रांजणात पाणी पडतं तेव्हा आधी खोल, घुमणारा आवाज येतो, मग तो हळूहळू वर वर येतो, बारीक होतो. घागर पूर्ण रिकामी होईपर्यंत मी तो ऐकला, आणि मगच माझी घागर उचलली.